आंबा न सोडता वजन उतरवलं, कसं ते सविस्तर सांगते

मागच्या उन्हाळ्यात मी वजन कमी केलं आणि त्याच उन्हाळ्यात आंबा पण खाल्ला, जवळपास रोज. हे सांगितलं की अर्ध्या लोकांना पटतच नाही. माझी जाऊ, ऑफिसातल्या बायका, शेजारच्या काकू सगळ्या एकच विचारतात की अगं आंब्याने तर वजन वाढतं ना, मग तुझं उतरलं कसं. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं आणि समोरची फक्त "आंबा चालतो" एवढंच घेऊन जाते, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

जानेवारीत, आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संपल्यावर, आमच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, म्हणजे दिवसभर खुर्ची आणि कॉम्प्युटर. रिपोर्ट आला तर वजन ७४ किलो, उंची १५५ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या वर. आपल्या भारतीय शरीराला २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात, माझी ९६ भरली. हे एकवेळ माहिती होतं, आरसा सांगतोच, पण खाली एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ५.९ लिहिलेलं होतं ते बघून मात्र पोटात गोळा आला. ५.७ च्या खाली असलं तर नॉर्मल, ६.५ आणि पुढे म्हणजे डायबेटिस, आणि मधली पट्टी प्रीडायबेटिसची. माझ्या वडिलांना शुगर होती, त्यांच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नव्हती ते मी रोज ड्रेसिंग करताना बघितलंय. त्यामुळे त्या दिवशीच ठरवलं की आता हे असंच सोडून द्यायचं नाही.

पहिला डाएट चार्ट मिळाला एका जिममधून. ओट्स, किन्वा, ब्रोकोली, अॅव्होकॅडो, आणि खाली लाल अक्षरात बंद म्हणून यादी: भात, बटाटा, केळी, चिकू, द्राक्षं, आंबा. का बंद ते विचारलं तर "शुगर असते मॅडम" एवढंच उत्तर. भाकरीचं तर नावच नव्हतं त्या चार्टमध्ये. सोलापुरात राहायचं, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात आहे, ती सोडून कितीतरी पट महाग किन्वा आणायचा, आणि एप्रिल-मे मध्ये घरात आंब्याचा वास सुटलेला असताना आपण ब्रोकोली उकडत बसायचं, हे मला मनापासून पटलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, जे खाणं आपल्या गावात, आपल्या हवेत, आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहे त्याला धरूनच डाएट पाहिजे, नाहीतर ते दोन महिन्यांच्या वर टिकत नाही आणि मग गेलेलं वजन दुप्पट जोराने परत येतं. माझ्या मैत्रिणीचं असंच झालेलं मी बघितलंय.

म्हणून मग सात रस्त्याजवळ एक आहारतज्ज्ञ मॅडम बसतात त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी काही सांगितलंच नाही, नुसतं विचारत राहिल्या. सकाळी उठल्यापासून काय काय खाता, चहा किती, साखर किती चमचे, भाकरी केवढी, शेंगा चटणी किती, ऑफिसात संध्याकाळी काय येतं. सगळं लिहून घेतलं आणि मग सांगितलं की तुम्हाला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागतात, आपण १४०० ते १५०० वर राहू. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, रोज चार-पाचशे कमी पडल्या की आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरतं, त्यापेक्षा घाई नको. उठता उठता मी विचारलंच, मॅडम उन्हाळ्यात आंब्याचं काय? त्या म्हणाल्या, "खायचा की. पण आंबाच खायचा. आणि तोलून खायचा."

"आंबाच खायचा" याचा अर्थ मला नंतर कळला, तो पुढे सांगते, ह्या सगळ्या अनुभवातली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी आकडे, कारण ते बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही, हिशोबाची सवय आहे. १०० ग्रॅम पिकलेल्या आंब्याच्या गरात साधारण ६० कॅलरी असतात. ८३ टक्के पाणीच असतं. कार्बोहायड्रेट १५ ग्रॅम, त्यातली साखर १४ ग्रॅमच्या जवळपास, फायबर दीड ग्रॅम, फॅट अर्ध्या ग्रॅमच्या आत आणि प्रोटीन पण एका ग्रॅमच्या आत. जातीप्रमाणे आणि पिकल्याप्रमाणे थोडं वरखाली होतं. आता हेच बाकीच्या फळांचं बघा, केळं १०० ग्रॅमला ८९, चिकू ८३, द्राक्षं ६९, पेरू ६८, सफरचंद ५२, पपई ४३, कलिंगड ३०. म्हणजे आंबा मध्येच कुठेतरी बसतो, पेरूपेक्षा पण कमी! पण इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की पेरूत फायबर पाच ग्रॅमच्या पुढे असतं आणि साखर कमी असते, एक पेरू खाल्ला की पोट भरतं, दुसरा नको वाटतो. आंब्याचं तसं नाही, तो सहज घशाखाली उतरतो, एक झाला की हात दुसऱ्याकडे जातोच. म्हणून आंब्याच्या बाबतीत प्रमाण हीच खरी गोष्ट.

आणि कॅलरी सोडून बाकीचं पण बघायला पाहिजे ना. १०० ग्रॅममध्ये व्हिटॅमिन सी ३६ मिलिग्रॅमच्या आसपास, फोलेट आहे, पोटॅशियम आहे, आणि तो केशरी रंग ज्याच्यामुळे येतो ते बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं. मॅडमनी एक छान सांगितलं, व्हिटॅमिन सी सोबत असलं की भाकरी, डाळ, पालेभाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. माझं हिमोग्लोबिन कायम कमीच असतं, त्यामुळे जेवणाबरोबर चार फोडी घेतल्या तर फुकट जात नाहीत. आणि आंबा जसा पिकतो तसं कॅरोटीन वाढतं आणि व्हिटॅमिन सी कमी होतं, कैरीत उलटं.

मार्चमध्ये कैरी आली. आता सगळ्यांना वाटतं कैरी म्हणजे डाएटला एकदम सेफ, आणि कैरी स्वतः आहेच, साखर फार कमी असते तिच्यात. पण आपण नुसती कैरी खातो कुठे. पन्हं करताना मी पहिल्यांदा गूळ काट्यावर ठेवला तर एका मोठ्या ग्लासाला आमच्या घरच्या पद्धतीने ३५ ग्रॅम गूळ जात होता, म्हणजे सव्वाशे-दीडशेच्या मध्ये कॅलरी, एका अख्ख्या पिकलेल्या आंब्याच्या गरापेक्षा जास्त! गूळ नैसर्गिक म्हणून चालतो असं खूप जण मानतात, पण कॅलरीत गूळ आणि साखर यांच्यात नावाला फरक आहे. मेथांब्याचं पण तेच. मग मी पन्हं बदललं, गूळ एक लहान चमचा, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वेलदोडा आणि भरपूर पाणी, थोडं आंबटच लागतं पण सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत बाहेरून आल्यावर तेच बरं वाटतं. आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जी आंबेडाळ करतात, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून त्यात कैरी, वरून फोडणी, ती तर माझा संध्याकाळचा नाश्ताच झाली, डाळीमुळे प्रोटीन मिळतं आणि पोट धरून राहतं. फक्त फोडणीचं तेल पळीने नाही, चमच्याने.

मग खरा सीझन सुरू झाला. आमच्याकडे लक्ष्मी मार्केटला आधी बदाम, लालबाग, तोतापुरी ह्या जाती दिसायला लागतात, मग केशर. हापूस येतो पण तो महाग, आणि खरं सांगू का मला केशरच आवडतो, आपल्या जिल्ह्यात आणि मराठवाड्यात त्याच्या बागा आता भरपूर आहेत, मराठवाड्याच्या केशरला तर २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. मी पिकलेला आंबा घेतच नाही, थोडा कच्चा घेते आणि घरी गवतात अढी घालते. त्याचा संबंध वजनाशी पण आहे. कार्बाइडच्या पुड्या घालून पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन गॅसच्या चेंबरमध्ये पिकवायला परवानगी आहे, पण गाड्यावरचा आंबा कसा पिकलाय ते आपल्याला कुठं कळतं. घाईने पिवळा केलेला आंबा वरून सुंदर आणि आतून फिका, आंबट निघतो, आणि मग आपण रसात साखर घालतो. अढीत सावकाश पिकलेल्या केशरला साखर लागतच नाही, म्हणजे नीट पिकलेला आंबा आणला की साखरेच्या कॅलरी आपोआपच वाचल्या.

पहिला आंबा तोलला तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आमच्याकडे आंबे पाण्यात भिजवूनच खायचे असा सासूबाईंचा नियम, आंबा उष्ण पडतो म्हणून. मॅडम म्हणाल्या होत्या भिजवल्याने देठाचा चीक आणि वरची धूळ निघून जाते, आंबा बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातला त्यामुळे चिकाने काहींच्या ओठाला खाज येते, फोड येतात, तर भिजवणं चांगलंच. (आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ते भिजवलेलं पाणी बादलीत काढून झाडांना.) तर भिजवलेला एक केशर पुसला, स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर ताटली ठेवून शून्य केलं आणि आंबा ठेवला, २४५ ग्रॅम. मग साल काढली, सालीला गर राहू नये म्हणून पातळ काढली, दोन्ही गाल कापले, कोयीच्या बाजूच्या फोडी काढल्या. गर भरला १५८. कोय आणि साल मिळून बाकीचं. म्हणजे एवढ्या आंब्यात खाण्यासारखा भाग दोन तृतीयांशच्याही थोडा आतच आणि कॅलरी ९५. एक वाटी भरून फोडी, आणि ९५ कॅलरी! मी ते कागदावर लिहून फ्रीजला लावलं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला बसून बघत होत्या. "हे काय करलालीस गं, आंबा काय सोनं हाय का तोलायला?" म्हणाल्या. मी म्हणलं आई, तुमच्या मुलाला आणि मला अजून खूप वर्षं आंबा खायचा आहे म्हणून तोलतेय. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, माझ्या वाटीत किती झाला गं, बघ की जरा.

मॅडमनी प्रमाण दिलं होतं १५० ग्रॅम गर, दिवसातून एकदा. आणि दुसरी अट, तो कशाच्या तरी बदल्यात आला पाहिजे, वरचा म्हणून नाही. माझं संध्याकाळचं खाणं होतं दोन चमचे साखरेचा चहा आणि त्याच्याबरोबर खारी नाहीतर फरसाण, ते सहज तीनशे कॅलरीच्या घरात जायचं. त्याच्या जागी आंब्याच्या फोडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, कधी घट्ट दही. शेंगदाणे दह्याने काय होतं तर प्रोटीन आणि थोडं फॅट मिळतं, आंब्यातली साखर रक्तात हळू जाते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भूक लागत नाही. आंब्याचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते तो आकडा, साधारण ५० ते ५५ च्या आसपास सांगतात, म्हणजे फार वर नाही, पण आपण एका वेळेला किती खातो त्यावर सगळं असतं. जेवणाबरोबर खायचा असेल तर अर्धी भाकरी कमी, असा सौदा.

मला स्वतःला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून घरात मोठ्या दिरांचं ग्लुकोमीटर होतं त्यावर तपासलं. पट्टी लावायची, बोटाला सुई, थेंब पट्टीला टेकवायचा आणि ते आकडे मोजत जातं तेवढे पाच सेकंद फार मोठे वाटतात. सकाळी उपाशीपोटी १०२ होती. त्या दिवशी संध्याकाळी १५० ग्रॅम फोडी आणि शेंगदाणे खाऊन दोन तासांनी तपासलं तर १२६. आणि घरात रस-पुरीचा बेत होता त्या दिवशी पोटभर जेवून दोन तासांनी तपासलं तर १७४. दोन्ही वेळेला आंबाच होता, पण आकडा कुठच्या कुठे गेला! हे काही प्रयोगशाळेतलं नाही, माझ्या एकटीच्या बोटाचं आहे, तुमचं वेगळं येईल, पण माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

तेव्हा मला "आंबाच खायचा" चा अर्थ कळला. कागद घेऊन बसले आणि रस-पुरीच्या ताटाचा हिशोब मांडला. दोन वाट्या रस, त्यात आंब्याचा गर ३०० ग्रॅम धरला तर १८० कॅलरी. चार चमचे साखर, ८०. दोन चमचे तूप, ९०. थोडं दूध, ६०. पुऱ्या सहा, एक पुरी ९० ची धरली तर ५४०. एकूण ९५०, अजून बटाट्याची भाजी, कुरडई, भजी आलीच नाहीत ह्यात. ह्या ९५० मध्ये आंब्याचा वाटा १८०! बाकीचं सगळं मैदा-कणीक, तेल, साखर, तूप. आणि वर दुपारची दोन-तीन तास झोप, कारण एवढं खाल्ल्यावर आणि बाहेर एवढं ऊन असताना दुसरं होतच नाही काही. आणि वर्षभर आपण म्हणतो की आंब्याने वजन वाढलं. मला खरंच वाईट वाटलं आंब्यासाठी, एवढं चांगलं फळ, त्याच्यावर आळ घेतला जातो आणि वजन वाढवतंय दुसरंच कोणी.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे रस होतोच, पितरांच्या नैवेद्याला लागतो, तो मी बंद केला नाही आणि करणार पण नाही. फक्त पद्धत बदलली. आंबे अढीतले पूर्ण पिकलेले, त्यामुळे साखर नाही. मिक्सरला लावला नाही, हाताने पिळला आणि चाळला नाही, धागे-रेषा तशाच ठेवल्या, जरा दाटसर, चमच्याने खावा लागेल असा. सुंठ आणि वेलदोडा. माझ्या वाटीत अर्धा चमचा तूप, तेवढं चालतं, कॅरोटीन अंगाला लागायला थोडं फॅट पाहिजेच. पुऱ्यांऐवजी माझ्यासाठी दोन फुलके आणि सोबत मटकीची उसळ, काकडी. पोरांना आणि आमच्या ह्यांना पुऱ्या केल्या, त्यांच्यावर कशाला जबरदस्ती. पण आमचे हे पण दुसऱ्या वेळेपासून फुलकेच मागायला लागले, म्हणाले जेवून जड होत नाही.

रसाबद्दल अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या साखरेबद्दलच्या २०१५ च्या सूचनांमध्ये अख्ख्या फळातली साखर मर्यादेत धरलेली नाही, पण फळांच्या ज्यूसमधली धरलीये, वरून घातलेली साखर आणि मधाबरोबर. चावून खाल्लेलं आणि प्यायलेलं ह्यात शरीर फरक करतं. म्हणून मिल्कशेक, ज्यूस, आंब्याची बाटलीतली ड्रिंक ह्यांना मी आंबा म्हणतच नाही. बाटलीच्या मागे वाचून बघा, आंब्याचा पल्प किती टक्के ते लिहिलेलं असतं, बाकी पाणी आणि साखर. डब्यातल्या पल्पमध्ये पण बहुतेक वेळा साखर घातलेली असते. आंबापोळीत पाणी उडून गेलेलं असतं त्यामुळे एवढ्याशा तुकड्यात भरपूर साखर जमा होते, एक चौकोनी तुकडा ठीक, डबा घेऊन बसायचं नाही.

मध्येच ऑफिसातल्या एकीने मला मोबाईलवर "आफ्रिकन मँगो" च्या कॅप्सूल दाखवल्या, वजन कमी करणारा आंबा म्हणून, किंमत चांगलीच होती. मी मॅडमना विचारलं. तो आपला आंबाच नाही! ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं वेगळंच झाड आहे, आयर्विंगिया नावाचं, फळ आंब्यासारखं दिसतं म्हणून तसं नाव, आणि कॅप्सूल त्याच्या बीपासून करतात. वजन उतरतं ह्याचा भक्कम पुरावा नाही. ह्यावर पैसे घालवू नका बायांनो, त्यात एक चांगली पेटी येते.

मे महिन्यात माहेरी गेले, बार्शीकडे. तिकडे बांधावर दोन गावरान आंब्याची झाडं आहेत आजोबांच्या वेळची, लहान लहान फळं, रेषाळ, माचून मऊ करायचा, देठ काढायचा आणि चोखायचा. तिथे काटा नव्हता आणि नेला पण नव्हता. पण गावरान आंबा खाताना एक बरं असतं, त्याला वेळ लागतो. एकेक चोखायला पाच-सात मिनिटं जातात, दातात रेषा अडकतात, गर थोडाच असतो, कोयच मोठी. तीन आंबे खाऊन होईपर्यंत मन भरतं आणि गर सगळा मिळून दीडशे ग्रॅमच्या वर नसेल. माझी आत्या म्हणाली, "घे की अजून, वर्षातनं एकदाच येतीस." तिला नाही म्हणणं कठीण होतं, म्हणून रात्रीची भाकरी सोडली आणि नुसती ताक-भाजी घेतली. लग्नाच्या पंगतीत पण तेच केलं, रस घेतला, पुरी-भात-जिलेबी सोडली. एक निवडायचं, मग ते मनसोक्त.

मे च्या शेवटी मात्र वजन अडकलं. काही केल्या काटा हलेना, आणि लगेच घरातले सगळे म्हणायला लागले, बघ आम्ही म्हणत होतो, आंबा. मी मॅडमकडे डायरी घेऊन गेले. त्यांनी बघितलं तर आंबा मापातच होता, पण चालणं बंद पडलं होतं. मी सकाळी होम मैदानावर चालायला जायचे, पण उन्हामुळे रात्री झोप लागेना, उठायला सात वाजायला लागले आणि सातला आमच्याकडे ऊन चटके देतं. आणि दुसरं, जेवणात रोज लोणचं, पापड, खारवलेली मिरची वाढली होती, मिठाने अंगात पाणी धरून राहतं. मग पाचला उठायला सुरुवात केली, लोणचं एक फोड, पापड बंद. हळूहळू काटा परत खाली यायला लागला, आंबा तेवढाच चालू असताना.

मृग लागला आणि पहिला पाऊस पडला की आमच्याकडे आंबा बंद, अळ्या होतात म्हणून, तिथे सीझन संपला. तोपर्यंत वजन ६८ वर आलं होतं. गणपतीच्या आधी परत सगळ्या तपासण्या केल्या, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे त्यात आंब्याचा सीझन अगदी शेवटी शेवटी का होईना आलाच होता. ५.६ आलं. वजन ६६, कंबर ८८. अजून खाली जायचं आहे, काम संपलेलं नाही. ह्याचं श्रेय आंब्याला देत नाही मी, वजन उतरलं ते एकूण खाणं कमी झालं, तेल-साखर कमी झाली, रोज चालले आणि डाळी-उसळी वाढवल्या त्याने. आंब्याने काय केलं तर मला ते सगळं सोडू दिलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर फ्रीजमध्ये माझी वाटी आहे हे माहिती असलं की चार वाजता ऑफिसात समोर आलेल्या भज्यांना नाही म्हणणं जमायचं. बंद-बंद-बंद असं ऐकून जे डाएट सुरू होतं त्याच्यात हा आधार नसतो.

आता आमच्या मोठ्या दिरांचं, कारण मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. त्यांना डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे. माझं बघून त्यांनी पण दीडशे ग्रॅम खायचं ठरवलं होतं, मी नको म्हणलं, आधी डॉक्टरांना विचारा भाऊजी. डॉक्टरांनी त्यांना ७० ग्रॅम सांगितला, तो पण जेवणातली एक पोळी कमी करून, रोज नाही, आणि खाल्ल्यावर शुगर तपासून लिहून ठेवायची. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी तर पोटॅशियममुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आंब्याला हात लावू नये. माझा १५० चा आकडा माझ्या वजनाला आणि माझ्या रिपोर्टला धरून आहे, तो उचलून कुणी स्वतःला लावू नका. काटा मात्र घ्याच, तीन-चारशे रुपयांत मिळतो. जावेने नव्या पेठेतून परवाच आणलाय आणि यंदाच्या पहिल्या केशरपासून ती पण तोलायला लागणार आहे.